पिवळ्या कबमधला आठवडा

रविवार

इंटरस्टेट 80 धरून पश्चिमेला निघालं की डेलावेअर वॉटर गॅपपाशी न्यू जर्सी संपतं आणि पेनसिल्व्हेनियाचे डोंगर सुरू होतात. कडे-सुळके असलं इथे काही नाही. एकामागे एक लांबच लांब समांतर रांगा आणि त्यांच्या मधोमध अरुंद खोरी. एडिसनहून साडेतीनेक तासांत सस्क्वेहाना नदीच्या पश्चिम फाट्यावरचं लॉक हेवन लागतं. पायपर कब हे पिवळं छोटं विमान ज्या गावात बनायचं, ते हे गाव. आमचा मुक्काम मात्र डोंगराच्या अलीकडच्या खोऱ्यात, मक्याच्या शेतांमधल्या एका गवती धावपट्टीजवळ होता.

विमानाचं लायसन्स माझ्याकडे आहे. ते मिळालं सेसना 172 वर. पॅनेलवर दोन मोठे स्क्रीन, त्यावर नकाशा, वारा, इंजिनाची तब्येत, सगळं. पुढे नाकाखाली एक चाक, मागे दोन. हल्ली जगभर असंच शिकवतात. बारामतीला सेसनावर किंवा गोंदियाला डायमंडवर शिकणारी पोरंही नाकाखाली चाक असलेल्या विमानातच शिकतात. मला शिकायचं होतं ते शेपटीला चाक असलेलं, कापडाने मढवलेलं, 1946 सालचं पायपर जे-3 कब.

बरोबर मामा होते. वय अठ्ठ्याहत्तर, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त, सध्या नाशिकहून आमच्याकडे उन्हाळ्यासाठी आलेले. आठवडाभर मी एकटीच जाणार होते. पण जेवताना ‘कापडाचं विमान’ हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि त्यांनी ताटावरून मान वर केली. ‘‘मी येतो,’’ म्हणाले. चर्चा संपली.

सोमवार

सकाळी हँगरवर पोचल्यावर पहिला प्रश्न वजनाचा. फोनवरही हाच विचारला होता. कबचं रिकामं वजन कागदावर 765 पौंड आणि कमाल 1220. मधल्या 455 पौंडांत म्हणजे साधारण 206 किलोंत दोन माणसं आणि बारा गॅलन पेट्रोल बसवायचं. पेट्रोलच 33 किलो भरतं. दोन धष्टपुष्ट माणसं असतील तर टाकी पूर्ण भरता येत नाही, इतका साधा हिशोब.

माझ्या इन्स्ट्रक्टर बाई सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांची लांब वेणी, पायात पातळ तळव्यांचे कॅनव्हासचे बूट. माझे जाड सोलचे बूट बघून त्यांनी मान हलवली आणि कपाटातून एक जुना जोड काढून दिला. रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचे, पेडल तळव्याला जाणवले पाहिजेत, म्हणाल्या.

मग विमान तपासणं. कबमध्ये बॅटरी नाही, स्टार्टर नाही, दिवे नाहीत. समोर सहा घड्याळं: वेग, उंची, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, तेलाचं तापमान आणि होकायंत्र. पेट्रोलचा काटासुद्धा नाही. टाकी पॅनेलच्या पुढ्यात, तिच्या झाकणातून एक तार वर आलेली. तारेच्या खालच्या टोकाला बूच, ते पेट्रोलवर तरंगतं. पेट्रोल कमी झालं की तार खाली जाते. नव्वद वर्षांच्या आसपास झाली या व्यवस्थेला आणि तिच्यात बिघडण्यासारखं अजूनही काही सापडलेलं नाही.

मी तेल बघत होते तेव्हा मामा पंखाच्या खाली वाकून एका बोटाने कापड चाचपत पुढे सरकत होते. प्रत्येक फासळीवरून एक पट्टी गेलेली असते, तिच्या कडा कातरलेल्या. पट्टीच्या खाली ठराविक अंतरावर बारीक उंचवटे लागतात, ते टाके. कापड नुसतं चिकटवलेलं नसतं. वरचं आणि खालचं कापड फासळीला धरून लांब सुईने आरपार शिवलेलं असतं, प्रत्येक टाक्याला गाठ. नाकावरच्या पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके जवळजवळ, बाहेर टोकाकडे विरळ. मामांनी बोट थांबवलं, पुन्हा मागे नेलं.

‘‘इथून पुढे अंतर वाढलंय. बरोबर आहे,’’ ते म्हणाले.

‘‘मामा, तुम्हाला हे कुठून माहीत? तुमचं आयुष्य तर मिगमध्ये गेलं.’’

‘‘ओझरला नंतर आलो. आधी बंगळुरूला अप्रेंटिस होतो. तिथे पुष्पक. सहा महिने सुई धरून बसवलं होतं मला.’’

पुष्पक हे एचएएलचं दोन माणसांचं विमान. 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं. आराखडा अमेरिकेच्या एरोंका चीफवरून घेतलेला, इंजिन कॉन्टिनेंटलचं 90 अश्वशक्तीचं. म्हणजे कबच्याच पिढीतल्या विमानाचा भारतीय भाऊ. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी वैमानिक त्यावर तयार झाले. मला हे वाचून माहीत होतं. आमच्याच घरातल्या माणसाने त्याचे टाके घातलेत हे मात्र इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मामांना विचारलं तर म्हणाले, ‘‘त्यात काय सांगायचं?’’

बाईंना मी हे सांगितल्यावर त्या मामांना हँगरच्या मागच्या भागात घेऊन गेल्या. तिथे दुसऱ्या एका कबचा पंख कडेवर उभा करून ठेवला होता. कापड चढवलेलं, टाके अजून घालायचे होते. त्यानंतर दिवसभर मामा मला दिसले नाहीत.

इंजिन हाताने सुरू करायचं. शेपूट दोराने बांधलेली, चाकांपुढे अडवायला ठोकळे. आत बसलेल्याने टाचांनी ब्रेक दाबून धरायचे. ब्रेक टाचेखाली असतात आणि फारसा भरवसा ठेवण्यासारखे नसतात. बाहेरचा माणूस पंख्याच्या मागे, उजव्या बाजूला उभा राहतो. डाव्या हाताने दाराची चौकट पकडतो आणि उजव्या हाताने पंख्याचं पातं खाली ओढतो. बाहेरून ‘स्विच ऑफ’ असं ओरडून विचारतात, आतून तेच शब्द परत ओरडायचे. पेट्रोल ओढून घ्यायला पातं दोन-चारदा फिरवून झालं की ‘कॉन्टॅक्ट’. मग आतला माणूस डोक्यावरचा मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा, स्विच लावतो. यातलं एकही वाक्य गाळायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत आणि स्विच बंद असला तरी पातं चालूच आहे असं समजूनच हात लावायचा. बाईंनी ओढलं आणि 65 अश्वशक्तीचं इंजिन फटफटत जागं झालं.

जमिनीवर कब शेपटीवर बसलेलं असतं, नाक आकाशात. चालवणारा मागच्या सीटवर, पुढे इन्स्ट्रक्टर. समोरचं काहीही दिसत नाही. त्यामुळे नागमोडी जायचं: थोडं डावीकडे वळून उजव्या खिडकीतून पुढे बघायचं, मग उजवीकडे वळून डाव्या खिडकीतून. सकाळचा वेळ यातच गेला.

आता मुख्य भानगड. या विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. लहान मुलाची तीनचाकी सायकल उलटी ढकलून बघा: सरळ आहे तोवर ठीक, जरा तिरपी झाली की मागचा भार पुढे यायला बघतो आणि सायकल गर्रकन फिरते. विमानात याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचं टोक जमिनीला घासतं किंवा चाकाचा पाय मोडतो. नाकाखाली चाक असलेलं विमान तिरपं टेकलं तरी स्वतःहून सरळ होऊ बघतं. कब स्वतःहून आणखी वाकडं होऊ बघतं. ते सरळ ठेवायचं काम पायांचं, आणि विमान बांधून ठेवेपर्यंत ते काम संपत नाही.

मंगळवार

दार उघडं टाकून उडालो. कबचं दार उजव्या बाजूला, आडवं दोन भागांत उघडणारं. वरचा भाग पंखाला अडकवायचा, खालचा लोंबू द्यायचा. जून महिना, त्यामुळे दार बंद करायचा विचार कोणी करत नाही. मांडीच्या शेजारून थेट खाली मका, कोठारं आणि जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या दिसतात.

उड्डाणाला थ्रॉटल पुढे केला की नाक डावीकडे ओढतं, शेपूट उचलली की आणखी ओढतं. उजवा पाय द्यावा लागतो, आणि ठोकळ्यासारखा नाही, सतत बारीक-बारीक. पुस्तकात याची चार कारणं दिलेली असतात. परीक्षेसाठी मी ती पाठ केली होती. सेसनात ती कारणं कागदावरच राहिली होती, इथे तळव्याला कळली.

वर गेल्यावर बाईंनी स्टिक, म्हणजे विमान झुकवायची दांडी, डावीकडे घ्यायला सांगितली, पाय न हलवता. पंख डावीकडे झुकला आणि नाक चक्क उजवीकडे गेलं. उजव्या पंखाचा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप, खाली जातो, तिकडे उचल वाढते तशी ओढही वाढते, म्हणून नाक उलट्या बाजूला फिरतं. सगळ्याच विमानांत हे थोडंफार होतं. नव्या विमानांच्या आराखड्यात ते इतकं दाबून टाकलंय की पाय जमिनीवर ठेवून आयुष्य काढता येतं, आणि अनेक जण काढतात. मग सगळी सकाळ एकच कवायत: नाक दूरच्या डोंगराच्या खिंडीवर रोखायचं आणि पंख डावी-उजवीकडे डोलवायचे, नाक तिथून हलता कामा नये. स्टिक आणि पाय एकाच वेळी, एकाच मापात.

वेगाचं घड्याळ बाईंच्या खांद्यामागे लपलेलं. मी मान वाकडी करून बघायला लागले की त्या मुद्दाम त्याच बाजूला सरकायच्या. वेग कानांनी मोजायचा: पंखाच्या आधाराच्या दांड्यांवरून वारा कसा वाजतोय, दारातून किती थंड झोत येतोय. तासाभरात ऐकू यायला लागलं. स्टॉल, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांची उचल सुटणं, तर इतका सौम्य की आधी कळलंच नाही. ताशी चाळीस मैलांच्या आसपास विमान कुरकुरतं, थरथरतं आणि नाक टाकतं.

दुपारी पारा चढल्यावर उडणं बंद. गरम हवेत 65 अश्वशक्ती दोघींना वर न्यायला फारच वेळ घेतात.

बुधवार

पाऊस. लॉक हेवनला गेलो.

विमानतळाला विल्यम पायपरचंच नाव आहे आणि तिथल्याच कंपनीच्या जुन्या इंजिनिअरिंग इमारतीत पायपर एव्हिएशन म्युझियम आहे. पायपर हा मूळचा तेलाच्या धंद्यातला माणूस. कबचा जन्म ब्रॅडफर्ड गावात टेलर नावाच्या कंपनीत झाला, ई-2 कब म्हणून. मंदीत कंपनी बुडाली तेव्हा पायपरने तिची मालमत्ता 761 डॉलरला उचलली अशी नोंद आहे. मार्च 1937 मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना जळाला आणि पायपरने लॉक हेवनमधली बंद पडलेली रेशमाची गिरणी घेऊन तिथे बस्तान हलवलं. 1938 ते 1947 या काळात अमेरिकेत बनलेल्या जे-3 ची संख्या 19,888 वर गेली.

इतकी विमानं विकली गेली त्यामागे सरकारी योजना होती. युद्ध समोर दिसत होतं आणि वैमानिक हवे होते, म्हणून कॉलेजच्या पोरांना उडायला शिकवायचा कार्यक्रम निघाला. 1944 पर्यंत सव्वाचार लाखांहून अधिक लोक त्यातून गेले आणि त्यांतले पुष्कळसे कबमध्येच शिकले. स्वस्त, साधं, शेतात उतरणारं आणि शिकाऊ माणसाच्या हातून फार नुकसान न होऊ देणारं विमान. युद्धात हेच विमान हिरवा रंग घेऊन तोफखान्याची टेहळणी करायला गेलं.

युद्धानंतर प्रत्येक घरासमोर विमान असेल असं कारखानदारांना वाटत होतं. तसं झालं नाही. 1947 मध्ये बाजार बसला. 1951 मध्ये पायपरनेच नाकाखाली चाक असलेलं ट्राय-पेसर काढलं, 1956 मध्ये सेसना 172 आली आणि शेपटीवर बसणारी विमानं हळूहळू छंदापुरती उरली. माझ्या मते सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झालं. मोटार चालवता येणाऱ्या कोणालाही उतरवता येईल असं विमान विकायचं तर चाक पुढेच हवं.

1972 च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पूर आला, कारखान्यात पाणी शिरलं, तयार विमानं गेली. कंपनी सावरली, पण कारभार हळूहळू फ्लोरिडात व्हेरो बीचला सरकत गेला आणि 1984 मध्ये इथलं काम बंद झालं. मामा त्या फोटोंपुढे बराच वेळ उभे होते. ‘‘हजेरीपटावर किती नावं असतील,’’ एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

गुरुवार

उतरणं. आठवड्यातला खरा दिवस.

दोन पद्धती. पहिली, तिन्ही चाकं एकदम: जमिनीपासून हातभर उंचीवर विमान धरून ठेवायचं, वेग संपत जाईल तशी स्टिक मागे-मागे, आणि ती पोटाला लागेल तेव्हा विमानाची उडण्याची ताकद संपलेली असावी. नाक वर येतं, बाईंची वेणी आणि पिवळं बॉनेट सोडून समोर काही उरत नाही. मग बघायचं कुठे? दोन्ही बाजूंच्या गवताच्या कडांकडे, एकाच वेळी, कुठल्याच एकीकडे रोखून न बघता. कडा खालून वर सरकायला लागल्या की जमीन आली. डावी कड उजवीपेक्षा रुंद दिसली की विमान तिरपं झालं.

मोठी चाकं आधी आणि जरा जोरात टेकली तर काय होतं ते दिवसभर पाहायला मिळालं. भार मागे असल्याने शेपूट खाली जाते, शेपूट खाली गेल्याने पंखाचा कोन वाढतो, कोन वाढल्याने विमान पुन्हा उडतं. आता ते हवेत असतं, वेग नसतो आणि बसलेल्याला काय करावं सुचत नसतं. उपाय दोनच: थोडं इंजिन देऊन पुन्हा हळूच टेकवायचं, नाहीतर पूर्ण इंजिन देऊन सरळ वर निघायचं. स्टिकने त्याचा पाठलाग करायचा नाही. पाठलाग केला की प्रत्येक उडी आधीपेक्षा मोठी.

दुसरी पद्धत व्हील लँडिंग. शेपूट आडवी ठेवून मोठ्या चाकांवर टेकायचं आणि टेकल्या क्षणी स्टिक किंचित पुढे. जमीन लागल्यावर स्टिक पुढे ढकलायला मन तयारच होत नाही. सगळी सवय मागे ओढायची. पण ती चिमूटभर हालचाल बरोबर वेळी झाली की पंखाचा कोन कमी होतो आणि विमान गवताला चिकटतं. मग वेग ओसरेल तशी शेपूट आपोआप खाली येते, आणि ती खाली येताना पाय सर्वांत जागे असावे लागतात, कारण रडरवरचा वारा गेलेला असतो आणि शेपटीच्या चाकाने अजून जमीन पकडलेली नसते.

वाऱ्यात यातली कुठली पद्धत चांगली यावर इथल्या लोकांचे दोन तट आहेत आणि हँगरमधल्या कॉफीपाशी तो वाद रोज होतो. बाईंचा पक्ष तीन चाकांचा. जितक्या कमी वेगाने टेकाल तितकी मोडतोड कमी. मला हे पटलं.

संध्याकाळी मांड्या दुखत होत्या. सेसना उडवून खांदे दुखतात.

शुक्रवार

उत्तर-पश्चिमेचा वारा, धावपट्टीला बऱ्यापैकी आडवा. बाई खूश. वाऱ्याकडचा पंख खाली दाबायचा, उलट्या पायाने नाक सरळ धरायचं आणि एकाच चाकावर टेकायचं. मग दुसरं चाक, मग शेपूट. कबला फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखाच्या मागून खाली सोडायच्या झडपा, नाहीत, त्यामुळे उंची जास्त झाली तर विमान मुद्दाम आडवं घसरवायचं. उजवा पंख खाली करून घसरलं की सगळा वारा उघड्या दारातून अंगावर येतो आणि जमीन लिफ्टने वर आल्यागत येते. दोन-तीन वेळा केल्यावर हे इतकं आवडलं की गरज नसतानाही मी उंचावरून यायला लागले.

संध्याकाळी वारा पडला. बाई हँगरमध्ये गेल्या आणि मामांना घेऊन आल्या. पुढच्या सीटवर चढायला अंग चांगलंच दुमडावं लागतं: आधी बूड आत टेकवायचं, डोक्यावरची नळी दोन्ही हातांनी पकडायची, मग पाय एकेक करून आत. मामांच्या उजव्या गुडघ्याने तक्रार केली. मी पुढे झाले तर म्हणाले, ‘‘सोड गं, बसतो मी.’’ आणि बसले.

खोऱ्याला एक लांब वळसा घालून अर्ध्या तासाने आले. उतरल्यावर आधी पंखाखाली जाऊन उभे राहिले.

‘‘कसं वाटलं मामा?’’

‘‘पुष्पकचे पंख शिवले, पण बसलो नव्हतो कधी. अप्रेंटिसला कोण बसवणार?’’ मग थोड्या वेळाने, ‘‘तुझ्या बाईंचे पाय बघितले मी वळून. सारखे हलतात. तुझेही हलतात का?’’

‘‘हलतात आता.’’

शनिवार

सकाळी लॉगबुकात टेलव्हील एंडॉर्समेंटची, म्हणजे शेपटीला चाक असलेलं विमान चालवायला लागणाऱ्या इन्स्ट्रक्टरच्या सहीची, नोंद झाली. इथल्या नियमाप्रमाणे साधं आणि आडव्या वाऱ्यातलं उड्डाण-उतरणं, व्हील लँडिंग आणि उतरताना मन बदलून पुन्हा वर जाणं, एवढं इन्स्ट्रक्टरसमोर नीट आलं पाहिजे. किती तास याला बंधन नाही. ज्यांनी 15 एप्रिल 1991 च्या आधी अशा विमानात स्वतः कमांड केली आहे त्यांना ही सही लागतच नाही, बाई त्यातल्या.

कोणाला यायचं असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. सही मिळाली म्हणजे कब एकट्याने भाड्याने मिळेल असं नाही. विमा कंपन्या टेलव्हीलचे आणखी तास मागतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी शिकवतात पण एकट्याला देत नाहीत. शिकायला मे ते ऑक्टोबर बरा. सकाळी लवकरची वेळ मागून घ्या, मात्र नदीच्या खोऱ्यात धुकं नऊपर्यंत हटत नाही हे धरून चला. आणि पातळ तळव्यांचे बूट.

बॅगा गाडीत टाकून मी मामांना आणायला हँगरमागे गेले. पंख अजून कडेवर उभा. अलीकडे मामा, पलीकडे तिथला परवानाधारक मेकॅनिक. सुई एका बाजूने आत जात होती, दुसऱ्या बाजूने परत येत होती. मामा मेणाचा दोरा ओढून गाठ मारत होते, मेकॅनिक प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबून बघत होता. हे कापड सिंथेटिक, ते इस्त्री फिरवून ताणतात; पूर्वी डोप नावाचं रोगण लावून ताणायचे. याचं मामांना भारी नवल. ‘‘आमच्या वेळी नुसतं डोप. वासाने डोकं उठायचं,’’ ते मराठीतच त्याला सांगत होते आणि तोही मान डोलवत होता.

‘‘मामा, निघायचं ना?’’

‘‘अर्धा पंख राहिलाय.’’

‘‘ते करतील.’’

‘‘करतील. पण अर्धा माझ्या हाताचा आणि अर्धा त्याच्या हाताचा, बरं दिसतं का ते?’’

मी बाहेर येऊन मोटेलला आणखी दोन रात्रींसाठी फोन लावला, आणि सोमवारची सुट्टी टाकली.